सोप्या वाटांच्या पुढे: मध्यम श्रेणीच्या डोंगरभटकंतीची पूर्वतयारी आणि पद्धत

मळलेल्या, पाट्या लावलेल्या आणि दोन-तीन तासांत संपणाऱ्या वाटा पायाखालून गेल्या की पुढच्या टप्प्याची ओढ लागणे स्वाभाविक आहे. हा पुढचा टप्पा म्हणजे तीच चाल आणखी काही किलोमीटर चालणे, असे बहुतेकांना वाटते आणि त्यामुळे सारी तयारी पायांची होते. प्रत्यक्षात फरक वेगळ्या ठिकाणी असतो. सोप्या वाटेवर कुठे वळायचे, कुठे पाय ठेवायचा आणि किती वेळात परतायचे, हे वाट आखणाऱ्याने आधीच ठरवून दिलेले असते. मध्यम श्रेणीच्या वाटेवर हे निर्णय चालणाऱ्याला स्वतः घ्यावे लागतात, तेही दमलेल्या अवस्थेत. म्हणून या लेखात दमसास आणि सामान यांच्याइतकाच भर वेळेचे गणित, नकाशा आणि उतरण यांवर दिला आहे.

वाट निवडताना

मध्यम श्रेणी म्हणजे नेमके काय, याची जगभर एकच व्याख्या नाही. तरी स्विस आल्पाइन क्लबची टी-१ ते टी-६ ही श्रेणीपद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण ती अंतरापेक्षा वाटेच्या स्वरूपाकडे पाहते. टी-१ म्हणजे मळलेली सोपी वाट. टी-२ मध्ये वाट सलग असली तरी काही ठिकाणी तीव्र चढ असतो. टी-३ मध्ये वाट जागोजागी पुसट होते, तोल सावरायला हात टेकावे लागतात आणि काही टप्प्यांवर बाजूला दरी असते. टी-४ पासून पुढे जाण्यासाठी अधूनमधून हातांचा आधार अटळ ठरतो. नवशिक्याच्या टप्प्यातून बाहेर पडणाऱ्याने आपले काम टी-२ आणि टी-३ या पट्ट्यात आहे असे धरावे. अमेरिकेत प्रचलित असलेल्या योसेमिटी पद्धतीत साधारण हाच पट्टा दुसऱ्या वर्गात येतो. तिसऱ्या वर्गात हातापायांनी कातळ चढणे सुरू होते.

वाट निवडताना एकूण अंतर सर्वांत शेवटी पाहावे. आधी एकूण चढाई किती मीटर आहे ते पाहावे आणि ती सलग आहे की मध्ये उतरून पुन्हा चढायचे आहे हे तपासावे. त्यानंतर वाटेत पाणी कुठे आहे, दृष्टिभय (खाली खोल दरी दिसून वाटणारी भीती) असणारे टप्पे किती आहेत आणि मध्येच वाट सोडून खाली उतरता येईल अशा जागा आहेत का, हे पाहावे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. ज्या वाटेवर निम्म्या अंतरानंतर मागे फिरणे आणि पुढे जाणे सारखेच लांब पडते आणि मध्ये सुटकेची वाट नसते, ती वाट कागदावर सोपी दिसली तरी पहिल्या वर्षी टाळलेली बरी.

एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, असे मी आग्रहाने सांगेन. या वेळी चढाई वाढवली असेल तर वाट ओळखीच्या प्रकारची असावी. कातळाचा टप्पा असेल तर अंतर कमी असावे. रात्रीचा मुक्काम पहिल्यांदाच करत असाल तर दोन्ही सोपे असावे. तिन्ही गोष्टी एकदम वाढवल्या की कोणती गोष्ट जड गेली हेही नंतर कळत नाही.

शरीराची तयारी

आठ ते बारा आठवड्यांची नियमित तयारी पुरेशी ठरते. आठवड्यातून दोन-तीन दिवस गप्पा मारता येतील इतक्या वेगाने दीर्घकाळ चालणे किंवा धावणे आणि एक दिवस पाठीवर वजन घेऊन जिने किंवा टेकडी चढणे, एवढा सांगाडा ठेवावा. वजन सुरुवातीला अगदी कमी ठेवून हळूहळू प्रत्यक्ष भटकंतीत न्यायच्या सॅकइतके करावे.

मात्र खरी उणीव उतरण्याच्या सरावाची असते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि अशा कामाची सवय नसलेल्या स्नायूंना सूक्ष्म इजा होऊन एक-दोन दिवसांनी कडक वेदना सुरू होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उतरणीच्या दुसऱ्या तासात हेच स्नायू थरथरू लागतात, पाऊल नेमके पडत नाही आणि घोटा मुरगळतो किंवा पाय घसरतो. यावर उपाय साधा आहे. एका पायरीवर उभे राहून एक पाय हळूहळू, तीन-चार सेकंद घेत, खाली टेकवायचा आणि गुडघा आत वळू द्यायचा नाही. हा व्यायाम दोन्ही पायांनी करावा आणि जिने चढून झाल्यावर लिफ्टने खाली न येता पायऱ्यांनीच यावे. एका पायावर उभे राहून तोल सांभाळण्याचा सराव घोट्यासाठी करावा. तो दात घासतानाही होतो.

वेळेचे गणित

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला नियम आजही सर्वांत उपयोगी आहे. मेट्रिक मापांत तो असा सांगतात की, सपाटीच्या दर 5 किलोमीटरला 1 तास धरावा आणि चढाईच्या दर 600 मीटरला आणखी 1 तास मिळवावा. पुढे त्यात उतरणीसाठी दुरुस्ती सुचवली गेली, ती अशी की तीव्र उतारावर दर 300 मीटरला सुमारे 10 मिनिटे वाढवावीत. ही वेळ सलग चालणाऱ्या, धडधाकट आणि हलके ओझे असलेल्या व्यक्तीची आहे, हे विसरू नये.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. जाऊन-येऊन 14 किलोमीटरची वाट आहे, 7 किलोमीटरमध्ये 1,100 मीटर चढायचे आहे आणि त्याच वाटेने परत यायचे आहे. जाण्याचे 7 किलोमीटर म्हणजे 1 तास 24 मिनिटे. 1,100 मीटर चढाईसाठी 1 तास 50 मिनिटे. मिळून 3 तास 14 मिनिटे. उतरताना 7 किलोमीटरसाठी 1 तास 24 मिनिटे आणि त्यातील 600 मीटर उतार तीव्र असल्यास आणखी 20 मिनिटे, म्हणजे 1 तास 44 मिनिटे. आता गट, ओझे आणि खडबडीत जमीन यांसाठी दोन्हींत एक चतुर्थांश वाढ केली की चढाई सुमारे 4 तासांवर आणि उतरण सव्वादोन तासांच्या आत येते. विश्रांतीसाठी चढताना 40 आणि उतरताना 20 मिनिटे धरली, तर माथ्यापर्यंत 4 तास 40 मिनिटे आणि परतीला अडीच तास लागतील. सकाळी साडेसहाला निघालो तर माथा सव्वाअकराच्या सुमारास यावा.

या हिशोबातून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे परत फिरण्याची वेळ. सूर्यास्त साडेसहाला असेल आणि उजेड मावळण्याआधी निदान दोन-तीन तास हाताशी राखायचे असतील, तर दुपारी 1 वाजता आपण जिथे असू तिथून मागे फिरायचे, असे घरातून निघण्यापूर्वीच ठरवून गटातील प्रत्येकाला सांगावे. माथा शंभर मीटरवर दिसत असतानाही ही वेळ पाळावी लागते आणि त्या क्षणी ती पाळणे फार अवघड जाते. म्हणूनच हा निर्णय डोंगरावर घ्यायचा नसतो. तो आदल्या दिवशी, पोटात अन्न आणि डोके शांत असताना घ्यायचा असतो.

नकाशा

मोबाइलमधील जीपीएस उत्तम साधन आहे आणि ते न वापरण्यात काही मोठेपणा नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवावा, मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा, आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते म्हणून तो अंगाजवळच्या खिशात ठेवावा. सोबत पॉवर बँक असावी. पण पडद्यावरचा निळा ठिपका आपण कुठे आहोत एवढेच सांगतो. पुढचा उतार पाय ठेवण्याजोगा आहे की नाही हे समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, सांगतात, आणि त्या वाचता आल्याच पाहिजेत.

1:25,000 प्रमाणाच्या नकाशावर 4 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर, म्हणजेच 1 मिलिमीटर म्हणजे 25 मीटर. अशा नकाशावर समोच्च रेषा 10 मीटरच्या अंतराने असतील तर दर पाचवी रेषा जाड काढलेली असते, आणि दोन जाड रेषांमध्ये 50 मीटर उंचीचा फरक असतो. या जाड रेषा एकमेकींपासून 4 मिलिमीटरवर असतील तर 100 मीटर आडव्या अंतरात 50 मीटर चढ आहे, म्हणजे उतार सुमारे 27 अंशांचा आहे. तो दमवणारा, पण चालण्याजोगा असतो. त्याच रेषा 2 मिलिमीटरवर आल्या तर उतार 45 अंशांचा झाला, आणि तिथे हात वापरल्याशिवाय निभाव लागत नाही. घरी बसून पट्टीने आपल्या वाटेवरच्या सर्वांत दाट जागा मोजाव्यात आणि त्यांवर खूण करावी. एक मर्यादाही ध्यानात ठेवावी: 10 मीटरपेक्षा कमी उंचीचा कातळकडा दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो. नकाशावर जमीन सलग उताराची दिसते म्हणून वाट सोडून सरळ खाली उतरू नये, त्याचे हे कारण आहे.

रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वळलेल्या दिसल्या आणि त्यांचे टोक उंचीच्या दिशेने असेल तर ती घळ किंवा ओढा. टोक उताराच्या दिशेने असेल तर ती डोंगराची सोंड. हा फरक उतरताना जीवनमरणाचा ठरतो. चढताना साऱ्या सोंडा एकाच माथ्याकडे येऊन मिळतात, त्यामुळे थोडी चूक झाली तरी आपण वरच पोहोचतो. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात, आणि माथ्याजवळ वीस पावलांची चूक झाली तर खाली आल्यावर आपण भलत्याच खोऱ्यात असतो. म्हणून चढतानाच प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहावे, कारण परतीला ती जागा त्याच बाजूने दिसणार असते. एखादा वेगळ्या आकाराचा दगड, वाळलेले झाड, वाटेचे दुभंगणे, जे दिसेल ते टिपावे. छायाचित्र काढले तर अधिकच चांगले. गुरांच्या पायवाटा अनेकदा मुख्य वाटेपेक्षा ठळक असतात आणि उतारावर आडव्या जात जात नाहीशा होतात. त्यामुळे वाट दहा-पंधरा मिनिटे अपेक्षित दिशेपासून दूर जात असेल, तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत जावे.

होकायंत्र वापरताना त्या प्रदेशातील चुंबकीय उत्तर आणि नकाशातील उत्तर यांच्यातील फरक पाहून घ्यावा. दिशेत 10 अंशांची चूक राहिली तर 1 किलोमीटर चालल्यावर आपण सुमारे 175 मीटर बाजूला गेलेलो असतो. धुक्यात एवढे अंतर म्हणजे वाट हरवणेच होय.

सामान

एका दिवसाच्या भटकंतीसाठी सॅक आपल्या वजनाच्या दशांशाच्या आसपास असावी. मुक्कामाची असेल तरी पंचमांशापलीकडे जाऊ नये. जड वस्तू पाठीलगत आणि मध्यभागी ठेवाव्यात, आणि भार खांद्यांऐवजी कमरपट्ट्यावर यावा.

बुटांवर मात्र सवडीने विचार करावा. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भटकंतीचे मोजे घालून पाहावा आणि दुकानातल्या उतरत्या फळीवर उभे राहून बोटे पुढे आपटतात का ते तपासावे. उतरणीला बोटे आपटत असतील तर संध्याकाळपर्यंत नखे काळी पडतात. टाच मात्र उचलली जाता कामा नये. उतरण सुरू होण्यापूर्वी नाडी सोडून, टाच मागे दाबून, घोट्याजवळ पुन्हा घट्ट बांधावी; ही दोन मिनिटे कधीही वाया जात नाहीत. पायाला कुठेही चुरचुर जाणवली की त्याच क्षणी थांबून तिथे चिकटपट्टी लावावी. फोड आल्यानंतर करता येण्याजोगे फार काही उरत नाही.

कपडे थरांत घालावेत: आत घाम बाहेर टाकणारा पातळ थर, त्यावर ऊब देणारा आणि सर्वांत बाहेर वारा-पाऊस अडवणारा. सुती कपडा भिजल्यावर ऊब धरत नाही आणि लवकर वाळतही नाही, म्हणून थंड डोंगरावर तो टाळावा. चढाई सुरू करताना किंचित थंडी वाजत असावी. पाच-दहा मिनिटांत अंग तापतेच. थांबल्यावर मात्र थंडी वाजण्याची वाट न पाहता लगेच ऊबदार थर चढवावा.

हेडटॉर्च, जादा बॅटरी, शिटी, प्रथमोपचाराची पिशवी, अंगाची ऊब राखणारी चकाकती आपत्कालीन चादर आणि एका वेळचे जादा खाणे या वस्तू उजेडात परतायचे असले तरी न्याव्यात. पाणी मध्यम श्रमाला ताशी साधारण अर्धा लिटर लागते, उन्हात अधिक. मात्र घाम गाळत तासन्‌तास नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून सोबत खारे खाणे किंवा क्षार असावेत आणि तहानेप्रमाणे प्यावे. ओढ्याचे पाणी उकळून प्यायचे असेल तर ते 1 मिनिट खळखळू द्यावे. 2,000 मीटरहून अधिक उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे तिथे 3 मिनिटे द्यावीत.

प्रत्यक्ष चाल

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चालावे. चढावर पावले लहान टाकावीत, संपूर्ण तळवा टेकवावा आणि बोलता येत नसेल तर वेग कमी करावा. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने ठरतो. त्याला पुढे, वाट जाणणाऱ्याच्या मागोमाग ठेवावे आणि एक अनुभवी माणूस शेवटी असावा. पुढचे लोक थांबून विश्रांती घेतात आणि मागचा पोहोचताच उठून चालू लागतात, हा प्रकार सर्रास दिसतो. यात ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्यालाच ती मिळत नाही.

घसाऱ्यावर, म्हणजे माती-दगडांच्या निसरड्या उतारावर, उतरताना शरीर मागे झुकवण्याची सहजप्रवृत्ती असते आणि त्यानेच पाय निसटतात. गुडघे किंचित वाकवून वजन पायांवर नेमके ठेवावे आणि नागमोडी उतरावे. घसारा सुटा असेल तर एकाच्या थेट खाली दुसऱ्याने उभे राहू नये. दगड सुटला तर लगेच मोठ्याने ओरडून सूचना द्यावी. कातळटप्प्यावर दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी पक्क्या आधारावर असावेत, आणि प्रत्येक आधार वजन देण्यापूर्वी हलवून पाहावा. जे चढता येते ते उतरता येईलच असे नाही, म्हणून चढण्याआधी हाच टप्पा उतरता येईल का, असे स्वतःला विचारावे. चालण्याच्या काठ्या उतरणीला गुडघ्यांवरील भार कमी करतात. कातळावर मात्र त्या घडी करून सॅकला बांधाव्यात, कारण तिथे हात मोकळे लागतात.

ओढा ओलांडताना कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास सॅक झटकता येते. वेगाचे पाणी गुडघ्याच्या वर येत असेल तर परत फिरावे किंवा रुंद, उथळ जागा शोधावी. बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांना पहाटे पाणी सर्वांत कमी असते आणि दुपारनंतर ते वाढते, त्यामुळे सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतीला अडवू शकतो. ही बाब वेळेच्या गणितात आधीच धरावी.

हवामान आणि उंची

दर 1,000 मीटरला तापमान सरासरी 6.5 अंश सेल्सिअसने उतरते. पायथ्याला 18 अंश असताना 1,200 मीटर वर सुमारे 10 अंश असतात, आणि तिथे वारा व भिजलेले कपडे यांची भर पडली की शून्याच्या वरच्या तापमानातही शरीराचे तापमान घसरू शकते. कुणी अडखळत बोलू लागला, साधी गाठ मारता येईना किंवा उगाच चिडू लागला, तर तो नुसता दमला आहे असे समजू नये. त्याचे ओले कपडे बदलावेत, त्याला वाऱ्याआड न्यावे आणि गोड खायला द्यावे.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे अंतर 10 किलोमीटरच्या आत आले की धार आणि माथा सोडून खाली उतरावे, एकट्या झाडाखाली किंवा उथळ कपारीत थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे थांबावे. डोंगरावर वादळे बहुधा दुपारी जमतात. पहाटे निघण्यामागे हेही एक कारण आहे.

साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि तो अंगात किती ताकद आहे हे पाहून होत नाही. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस चढाईविना ठेवावा. डोकेदुखीसोबत मळमळ, चक्कर किंवा असाधारण थकवा असेल तर आणखी वर जाऊ नये. सरळ रेषेत चालताना झोकांड्या जात असतील, बुद्धी गोंधळलेली असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवणे हाच उपचार आहे.

अडचण आलीच तर

निघण्यापूर्वी घरच्या एका व्यक्तीला वाट, गटातील लोक, परतण्याची वेळ आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास मदत बोलवायची, हे लेखी द्यावे. वाट चुकली तर आधी बसावे, पाणी प्यावे आणि नकाशा उघडावा. घाईने खाली उतरत सुटल्यास माणसे घळीत आणि कड्यावर अडकतात. मदतीसाठीचा आंतरराष्ट्रीय संकेत एका मिनिटात सहा शिट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच, असा आहे; मिनिटाला तीन संकेत आले तर ते उत्तर समजावे.

परतल्यावर त्याच संध्याकाळी एक टिपण करावे: प्रत्येक टप्प्याला अंदाज किती होता आणि प्रत्यक्ष किती वेळ लागला, पाणी किती उरले, कोणती वस्तू काढलीच नाही आणि पाय कुठे दुखला. अशा काही टिपणांतून स्वतःचे प्रमाण तयार होते. एखाद्याला 600 मीटर चढायला सव्वा तास लागतो, दुसऱ्याला उतरणीलाच जास्त वेळ लागतो. पुढच्या वाटेचा हिशोब त्या आकड्यांनी मांडावा. सलग काही वेळा अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ यांत अर्ध्या तासाहून कमी फरक येऊ लागला, की चढाई किंवा वाटेची श्रेणी, या दोहोंपैकी एक गोष्ट पुढे न्यावी.